बेळगावातून पुरस्कारासाठी काम कसं पाठवायचं

डिझाइनच्या पुरस्कारांबद्दल आमच्याकडे दोनच मतं ऐकू येतात. एक, ते सगळं मुंबई-बेंगळुरूच्या एजन्सीवाल्यांचं असतं. दुसरं, पैसे भरले की कुणालाही मिळतं. दोन्हींत थोडं तथ्य आहे, आणि दोन्ही मतं सांगणाऱ्यांनी बहुधा एकदाही फॉर्म भरलेला नसतो.

मी बेळगावच्या शहापुरात छोटा डिझाइन स्टुडिओ चालवते. मिठाईचे खोके, मसाल्याची पाकिटं, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, सीझनमध्ये लग्नपत्रिका. अधूनमधून एखादं काम पुरस्काराला पाठवते. कधी मिळतो, जास्त वेळा मिळत नाही. दिवाळी अंकांच्या एका स्पर्धेत मुखपृष्ठांसाठी परीक्षक म्हणूनही बसले आहे, त्यामुळे पाठवणाऱ्याचं आणि निवडणाऱ्याचं, दोघांचंही डोकं कसं चालतं ते थोडं कळलंय. खाली लिहितेय ते बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर अशा ठिकाणी बसून कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर रात्री जागवणाऱ्यांसाठी. इथून कुणी पुढे जात नाही असं म्हणणाऱ्यांना सांगा, रवी परांजपे १९३५ साली बेळगावातच जन्मले, इथेच के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकले आणि मग मुंबईच्या जाहिरात क्षेत्रात आपल्या रेषेची ओळख करून बसले. त्यांना मुंबई गाठावी लागली. आता निदान फाइल तरी आपल्याआधी पोचते.

नमुने छपाईच्या दिवशीच बाजूला काढा

फॉर्म येतो डिसेंबर-जानेवारीत, काम झालेलं असतं श्रावणात. तोवर दुकानात एक खोका शिल्लक नसतो, आणि माळ्यावर सापडलाच तर त्यावर तुपाचा डाग असतो. म्हणून जॉब मशीनवर असतानाच प्रेसवाल्याला सांगून ठेवायचं, "मामा, थोडी शीटं जास्त सोडा, बिल माझ्या नावावर." सुरुवातीची शीटं घेऊ नका, तेव्हा रंग जुळत असतात, मधली घ्या. डाय मारलेले, म्हणजे खोक्याच्या आकारात कापलेले, पण न चिकटवलेले काही नमुने सपाट ठेवा, काही चिकटवून ठेवा. बेळगावच्या पावसाळ्यात डुप्लेक्स बोर्ड वाकतो आणि आर्ट पेपर एकमेकांना चिकटतो, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात, मध्ये बटर पेपर घालून, औषधाच्या बाटल्यांतून निघणाऱ्या त्या ओल शोषणाऱ्या छोट्या पुड्या टाकून ठेवा.

प्रत्येक नमुन्याबरोबर एक चिठ्ठी: काम बाजारात पहिल्यांदा कधी आलं, बिल नंबर, कागद किती जीएसएम (वजनाचा), कुठल्या मशीनवर छापलं, फॉइल (चमकी) किंवा स्पॉट यूव्ही (ठरावीक जागीच चकाकी) होतं का. जवळपास प्रत्येक गंभीर पुरस्काराला ठरावीक काळातलं, खरोखर वापरात आलेलं काम लागतं. क्लायंटने न वापरलेलं, फक्त बक्षिसासाठी रंगवलेलं काम पाठवण्याची मोठ्या एजन्सींची जुनी खोड आहे. तिच्यामुळेच आता बिल आणि क्लायंटचं पत्र मागतात. आपल्यासारख्यांचा त्यात फायदाच आहे, कारण आपल्याकडे न वापरलेलं काम करायला वेळ कुणाला आहे?

फोटो हा दुसरा भाग. इंटरनेटवरून उतरवलेल्या तयार मॉकअपमध्ये, म्हणजे वस्तूच्या आयत्या चित्रात, डिझाइन चिकटवून पाठवू नका. तोच करडा टेबल, तीच तिरपी सावली, तोच कॉफीच्या मगाचा कान परीक्षकांनी इतक्यांदा पाहिलेला असतो की त्यांना तुमचं काम दिसायच्या आधी मॉकअप दिसतो. खरा खोका घ्या, उत्तरेकडच्या खिडकीशी ठेवा, दुसऱ्या बाजूला थर्माकोलची शीट उभी करा आणि मोबाइल स्टँडवर लावून फोटो काढा. मग एक फोटो दुकानातला: काउंटरवरची थप्पी, पार्सल बांधणारे हात, मागे वजनकाटा. हा दुकानातला फोटो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मुंबईत किंवा लंडनमध्ये बसलेल्या माणसाला आपली बाजारातली गणपत गल्ली माहीत नसते. ती एका फोटोत दाखवता येते.

कुठे पाठवायचं

सगळीकडे पाठवू नका. वर्षाला एक मोठा आणि एक-दोन जवळचे, एवढं पुरे.

परदेशातले नावाजलेले आधी सांगते. लंडनचा डी अँड एडी १९६२ पासूनचा. त्यांचं चिन्ह पेन्सिल: वुड, ग्राफाइट, यलो, आणि त्याहून वर व्हाइट आणि ब्लॅक. फार कडक आहेत. एखाद्या विभागात त्या तोडीचं काम नसलं तर वरची पेन्सिल कुणालाच देत नाहीत. विद्यार्थ्यांसाठी त्यांचा न्यू ब्लड हा वेगळा विभाग आहे, त्यात खऱ्या ब्रँड्सचे ब्रीफ, म्हणजे काय करून हवं ते सांगणारी कामं, असतात. बेळगाव-धारवाडच्या कला महाविद्यालयांतल्या मुलांनी बक्षिसाचा विचार न करता तो ब्रीफ म्हणून तरी सोडवावा, पोर्टफोलिओला एक नीट काम मिळतं. न्यूयॉर्कचा टाइप डिरेक्टर्स क्लब १९४६ चा. तिथे अक्षरांचं काम कुठल्याही लिपीतलं चालतं. जे स्वतः फॉन्ट करतात त्यांच्यासाठी ग्रांशान आहे, २००८ साली आर्मेनियातून सुरू झालेली, रोमन सोडून बाकीच्या लिप्यांसाठीची स्पर्धा.

देशात मुंबईची कम्युनिकेशन आर्ट्स गिल्ड १९४८ पासूनची, आपले लोक तिला कॅग म्हणतात. क्योरियसचे पुरस्कार आहेत, ज्यांचं चिन्ह हत्ती. पुस्तकांची कामं करत असाल तर भारतीय प्रकाशक महासंघाचे उत्तम ग्रंथनिर्मितीचे पुरस्कार असतात, त्यात भारतीय भाषांतली पुस्तकं येतात. पण तिथे प्रवेशिका प्रकाशकाने भरायची असते, तेव्हा त्यांच्या मागे लागा. ललित कला अकादमीच्या राष्ट्रीय प्रदर्शनातला ग्राफिक विभाग मुद्राचित्रांचा आहे, म्हणजे एचिंग, लिथो, वुडकट. तिथे लोगो पाठवू नका.

मग जर्मनीच्या रेड डॉट आणि आयएफसारखे. काम चांगलं असावंच लागतं, परीक्षक खरे असतात. पण जिंकल्यावर त्यांचं प्रसिद्धीचं पॅकेज घ्यावंच लागतं, आणि त्याचा आकडा प्रवेश फीपेक्षा कितीतरी मोठा असतो. निर्यात करणाऱ्या कारखान्याला तो खर्च परवडतो, कारण ते लाल ठिपक्याचं चिन्ह खोक्यावर छापून परदेशी खरेदीदाराला दाखवता येतं. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या निर्यातदाराचा कॅटलॉग तुम्ही केला असेल तर त्यांना सांगा, त्यांनी भरावं. स्वतःच्या खिशातून भरू नका.

आणि मग ते फोन. "मॅडम, आपकी कंपनी दक्षिण भारत के बेस्ट डिझायनर के लिए सिलेक्ट हुई है." बेंगळुरूच्या नाहीतर गोव्याच्या हॉटेलात समारंभ, एखादा टीव्हीवरचा चेहरा, ट्रॉफीसोबत फोटो, आणि नोंदणीचे अमुक हजार. ओळखायचं कसं? त्यांनी तुमचं काम मागितलेलं नसतं. परीक्षकांची नावं विचारली की फोन ठेवतात.

जवळचे पुरस्कार मात्र आपण उगाच कमी लेखतो. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून दिवाळी अंकांची परंपरा आहे, आणि ग्रंथालयं, पत्रकार संघ, साहित्य संस्था यांच्या दिवाळी अंक स्पर्धांत बऱ्याच ठिकाणी मुखपृष्ठ आणि मांडणीला वेगळं बक्षीस असतं. रक्कम किरकोळ, पण संपादकांच्या नजरेत तुमचं नाव येतं, आणि पुढच्या वर्षी दोन अंकांचं काम येतं. महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात उपयोजित कलेचा विभाग असतो. तिथे पाठवण्याआधी अधिवासाची अट वाचा आणि फोन करून विचारा. आपलं गाव महाराष्ट्राने मागितलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत आहे म्हणून सगळ्याच योजना आपोआप लागू होत नाहीत, हा अनुभव सीमाभागातल्या प्रत्येक घरात कुणाला ना कुणाला आलेला असतो. कर्नाटकाचा राज्योत्सव पुरस्कार १ नोव्हेंबरचा. त्या तारखेला बेळगावात एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी लोकांचा काळा दिन असतो, ते इथल्या वाचकाला मी सांगायला नको. ज्याने त्याने आपलं ठरवावं.

लोगो स्पर्धा

सरकारी लोगो स्पर्धा हा वेगळा प्रकार. इथे झालेल्या कामाला पुरस्कार मिळत नाही, नवीन काम फुकट करून द्यायचं आणि एकालाच पैसे. तरी त्यातून मोठी नावं झाली आहेत. २००९ साली अर्थ मंत्रालयाने रुपयाच्या चिन्हासाठी स्पर्धा घेतली, १५ जुलै २०१० ला डी. उदय कुमार यांचं चिन्ह स्वीकारलं गेलं, बक्षीस अडीच लाख. २०१४ चं स्वच्छ भारतचं गांधीजींच्या चष्म्याचं चिन्ह तर आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांचं, ५० हजारांचं बक्षीस. आज ते चिन्ह नोटेवर आहे.

पण नियमावलीतलं मालकीहक्काचं कलम वाचल्याशिवाय पाठवू नका. जिंकणाऱ्याचे सगळे हक्क आयोजकाकडे जातात, हे समजण्यासारखं आहे. काही ठिकाणी मात्र आलेल्या सगळ्याच प्रवेशिकांचे हक्क आयोजकाचे, असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. म्हणजे हरलात तरी चिन्ह गेलं. अशा ठिकाणी मी पाठवत नाही. सरकारी असेल आणि विषय मनापासून आवडला असेल तर पाठवा; एखाद्या शिक्षणसंस्थेने किंवा बिल्डरने "लोगो स्पर्धा, प्रथम पारितोषिक अकराशे रुपये" म्हणून पोस्टर लावलं असेल तर त्यांना लोगो फुकटात हवाय एवढंच समजा.

आपल्याकडचं खरं भांडवल: तीन लिप्या

आता मुख्य मुद्दा. आपण पाठवतो काय? बहुतेक जण आपल्या कामातलं सगळ्यात इंग्रजी दिसणारं काम निवडतात. कुणा कॅफेचा पातळ अक्षरांतला लोगो, काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी. तसलं काम परीक्षकांसमोर जगभरातून येतं आणि बहुतेक वेळा आपल्यापेक्षा चांगलं येतं. एकाच खोक्यावर कन्नड, मराठी आणि इंग्रजी नांदवणं हे मात्र आपण रोज करतो, आणि त्याला आपण डिझाइन म्हणतच नाही. ती कटकट वाटते.

कटकट आहेच. कन्नड मजकूर येतो नुडीत, मराठी श्रीलिपीत (ही दोन्ही टायपिंगची सॉफ्टवेअर), इंग्रजी व्हॉट्सॲपवर. तिन्ही एका फाइलीत आणताना अर्धा दिवस जातो. २०२४ पासून दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला देण्याचा नियम झाल्यावर तर प्रत्येक जण जुन्या पाटीचं माप घेऊन येत होता. बहुतेकांनी काय केलं? वर मोठं कन्नड, खाली जागा उरेल तेवढ्यात मराठी दाबलेलं. नियम पाळला गेला, पण पाटी बघवत नाही. निपाणीकडे बिडी आणि जर्द्याच्या पुड्यांवर ८५ टक्के जागा धोक्याच्या इशाऱ्याची. उरलेल्या १५ टक्क्यांत जो माणूस छापाचं चिन्ह, नाव आणि गिऱ्हाइकाची ओळख टिकवतो त्याला खरं तर कुणीतरी पुरस्कार द्यायला हवा. पण तंबाखूचं काम स्पर्धेत पाठवावं का, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न.

लिप्या कशा जुळवायच्या याचं एक उदाहरण देते, कारण प्रवेशिकेत नेमकं हेच दाखवायचं असतं. 'कुंदा' हा आपल्या मिठाईचा शब्द घ्या. देवनागरीत क ला उकार खाली लटकतो आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर बसतो, म्हणून शब्द उंच होतो. कन्नडमध्ये उकार अक्षराच्या उजवीकडे जोडला जातो आणि अनुस्वार पूर्ण गोल होऊन ओळीतच शेजारी बसतो, म्हणून तोच शब्द रुंद होतो. दोन्ही एकाखाली एक, सारख्या रुंदीत बसवायला गेलात की एकाचा जीव जातो. आम्ही एका खोक्यावर कन्नड शब्द झाकणावर घेतला, त्याची तळओळ झाकणाच्या कडेला लागून, आणि मराठी शब्द त्याच कडेखाली, बाजूच्या पट्टीवर. दोन्ही लिप्यांत अनुस्वार गोलच असतो. तो एकच गोल बरोबर घडीवर आणला. वरून बघितलं तर तो कन्नडचा, समोरून बघितलं तर मराठीचा. डाय एक मिलिमीटर सरकली की गोल फसतो, त्यामुळे प्रेसमधल्या मामांनी जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. पण खोका एका रंगात, साध्या बोर्डावर, लॅमिनेशनशिवाय झाला, आणि शेटना मुख्य आनंद त्याचाच होता.

तुमच्याकडे असं काही ना काही असतंच. अहवालात दोन भाषांचे तक्ते समोरासमोर बसवलेले असतील, कन्नडच्या ओत्तक्षरांना, म्हणजे जोडाक्षरात खाली लागणाऱ्या अक्षरांना, जागा मिळावी म्हणून ओळींमधलं अंतर वाढवून मग मराठी त्याला जुळवलेलं असेल, पत्रिकेत वराकडचे कन्नड आणि वधूकडचे मराठी म्हणून दोन्हीकडून उघडणारी घडी केली असेल. एकाच पॉइंट साइजला दोन लिप्या सारख्या दिसत नाहीत, डोळ्याने जुळवाव्या लागतात. ते जुळवण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही शेजारी ठेवून एका पानावर दाखवा. फॉन्टसाठी आता बरी सोय आहे. एक टाइपचं अनेक हे २०२२ मध्ये आलेलं मोफत कुटुंब देवनागरी, कन्नड आणि रोमन तिन्हींत मिळतं, एकमेकांशी जुळणाऱ्या जाडींत आणि रुंदींत. त्याने काम लवकर होतं. पण पुरस्काराला पाठवायचं ठळक अक्षर हातानं काढलेलं असेल तर त्याला वेगळं वजन येतं. अच्युत पालवांना २०२५ ची पद्मश्री मिळाली ती अक्षरांच्याच कामासाठी, तेव्हा हे काही फावल्या वेळेचं काम नव्हे.

चार ओळी लिहिणं

इथेच सगळ्यात जास्त प्रवेशिका बाद होतात. फॉर्ममध्ये साधारण शंभर-दीडशे शब्दांत कामाची माहिती मागतात. मग लोक लिहितात: "परंपरा आणि आधुनिकतेचा सुंदर मिलाफ साधणारं, ग्राहकांच्या मनाला भिडणारं पॅकेजिंग." हे वाक्य कुंद्यालाही चालतं आणि पंप सेटलाही. परीक्षकाच्या हातात त्यातून काहीच लागत नाही.

माझी पद्धत अशी. आधी मराठीत, आईला सांगितल्यासारखं लिहायचं. कुंद्याच्या खोक्याचं असं होईल:

"कुंदा ही बेळगावची खव्याची मिठाई. दुकानात मराठी आणि कन्नड बोलणारे गिऱ्हाईक रोजचे, सुट्टीत गोव्याकडचे. जुन्या खोक्यावर एकच नाव तीन लिप्यांत एकाखाली एक होतं आणि दुरून कुठलंच वाचता येत नव्हतं. आम्ही प्रत्येक लिपीला स्वतंत्र बाजू दिली. कन्नड आणि देवनागरी दोन्हींत अनुस्वार गोल असतो. तो एक गोल घडीवर ठेवून दोन्ही शब्द जोडले. मालकांना लॅमिनेशनचा खर्च नको होता आणि खोका बेळगावातच छापायचा होता, म्हणून एक रंग आणि साधा बोर्ड."

बघा, यात कौतुकाचा एकही शब्द नाही. अडचण काय होती, हात कुठे बांधलेले होते, काय केलं, एवढंच. मग याचं इंग्रजी करायचं, आणि ते इंग्रजी बऱ्यापैकी जाणणाऱ्या, पण डिझाइनमध्ये नसलेल्या माणसाला वाचायला द्यायचं. त्याला कळलं तर ठीक. मशीनवर भाषांतर करून घेतलंत तरी चालेल, पण मग "कुंदा"चं "चमेलीचं फूल" झालंय का ते तपासा. बऱ्याच फॉर्मांत आता एआय कुठे वापरलं ते सांगा असा रकाना असतो. जे असेल ते सरळ लिहा.

परीक्षकांना लिपी वाचता येत नाही हे धरून चाला. प्रत्येक अक्षरचित्राखाली उच्चार आणि अर्थ रोमनमध्ये द्या, आणि कोणता शब्द कन्नड, कोणता मराठी ते बाणाने दाखवा. मुंबईतल्या परीक्षकालासुद्धा कन्नड येत नाही. आपल्याला दोन्ही वाचता येतात म्हणून हे राहूनच जातं.

परिणाम सांगायचा असेल तर क्लायंटकडून दोन ओळींचं पत्र घ्या. "विक्री तिप्पट झाली" असं आपल्या मनाने लिहू नका. आमच्या शेटना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "विक्रीचं आमास्नी काय वेगळं कळत नाही मॅडम, पण गोव्याची गिऱ्हाइकं आता खोका टाकत नाहीत, त्यात काय काय ठेवतात म्हणे." मी तेच तसंच्या तसं भाषांतर करून दिलं.

दिवाळी अंकांच्या स्पर्धेत बसले होते तेव्हाचं एक निरीक्षण. टेबलावर अंकांच्या चळती, चहा गार होत आलेला, पहिली चाळणी अगदी झरझर होते. त्यात टिकतं ते, ज्याच्यात एकच गोष्ट चटकन दिसते. सहा कल्पना असलेलं मुखपृष्ठ आम्ही शेजारच्याकडे सरकवत होतो, "तुम्ही बघा जरा" म्हणून. म्हणजे प्रवेशिकेच्या पहिल्या चित्रात सगळं घालू नका. एक मोठा फोटो, एकच मुद्दा. बाकीचं पुढच्या पानांवर.

नावं आणि परवानगी

काम पाठवण्याआधी क्लायंटची लेखी परवानगी घ्या. ईमेल चालतो, व्हॉट्सॲपवरचं "ओके 👍" बऱ्याच ठिकाणी चालत नाही. शेट म्हणतील, "ते बक्षीस-बिक्षीस राहू द्या, छापून कधी येतंय ते सांगा की." तेव्हा बिलाबरोबरच सहीला पत्र ठेवा, नंतर मागायला गेलात की त्यांना वाटतं यात काहीतरी पैसे दडलेत.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. आणि सगळे हक्क दिले तरी हे काम मी केलं असं सांगण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडेच राहतो. पगारावर असाल तर गोष्ट वेगळी. नोकरीत केलेल्या कामाचे हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, नोकरी देणाऱ्याचेच, तेव्हा जुन्या ठिकाणचं काम त्यांना न विचारता आपल्या नावाने पाठवू नका.

श्रेयनामावली शेवटच्या रात्री भरायची नसते. अक्षरं कुणी काढली, फोटो कुणी काढले, कन्नड कुणी तपासलं, छापलं कुणी, सगळ्यांची नावं त्यांनाच विचारून, त्यांच्या स्पेलिंगने लिहा. प्रमाणपत्रावर तेच छापून येतं आणि दुरुस्तीला पैसे लागतात. प्रेसचं नाव घालायला विसरू नका. आमच्याकडे छापणाऱ्याचं नाव कुणी घालत नाही, आणि मग तो पुढच्या वेळी जास्तीची शीटं का सोडेल?

शहराच्या रकान्यात बेळगावी असं सरकारी नाव निवडा, २०१४ पासून तेच यादीत असतं, आणि राज्य कर्नाटक. यावरून स्टुडिओत वाद घालणारे मी पाहिलेत. कुरिअर आणि बँक दोघांनाही पत्ता जुळायला हवा असतो. बाकीचं वर्णनात लिहायला जागा असतेच.

पैसे आणि तारखा

परदेशी फी पौंडात नाहीतर डॉलरात असते आणि मुदत जवळ येईल तशी वाढते. लवकर भरा. आपल्या बहुतेक कार्डांवर परदेशी व्यवहार बंद असतो, तो बँकेच्या ॲपमधून आधीच चालू करून ठेवा. लंडनची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटे साडेपाच, त्यांच्या उन्हाळ्यात साडेचार. जागायची तयारी ठेवा, पण त्या वेळी लाइट आणि नेट दोन्ही असेलच असं धरू नका. एकच काम चार विभागांत पाठवायचा मोह होतो, प्रत्येक विभागाची फी वेगळी लागते. एकच विभाग निवडा, जिथे लिपीचं काम बघणारे परीक्षक असतील तो. परीक्षकांची यादी बहुधा आधी जाहीर होते, ती वाचा.

फाइली मागतील तशाच द्या. पडद्यावर बघायच्या असतील तर आरजीबी (पडद्याचे रंग), छापून पाठवायच्या असतील तर सीएमवायके (छपाईचे रंग), अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट नसला तरी उघडतील अशी चित्ररूप करून. श्रीलिपी आणि नुडीची अक्षरं कर्व्ह न करता पाठवलीत तर तिकडे चौकोन आणि प्रश्नचिन्हं उघडतात.

मिळालाच तर

क्लायंटला आधी सांगा, फेसबुकवर नंतर टाका. पुरस्काराचं चिन्ह त्यांच्या खोक्यावर छापायचं का हे त्यांनी ठरवायचं, आणि ते कसं वापरायचं याचे पुरस्कारवाल्यांचे नियम असतात, तेही बघा. दर वाढवायचा असेल तर नव्या गिऱ्हाइकाला नवा दर सांगा. जुन्याला पुढच्या कामापासून.

वर्तमानपत्रात बातमी हवी असेल तर प्रेसनोट तयार करूनच न्या. पाच-सहा ओळी, एक नीट फोटो, खाली फोन नंबर. "जागतिक दर्जाचा बहुमान" असलं काही लिहू नका. पुरस्कार कुणी दिला, कुठल्या कामाला, काम कुठल्या दुकानाचं, एवढं लिहा. मराठी दैनिकांना मराठीत, कन्नड दैनिकांना कन्नडमध्ये. कन्नड प्रेसनोट कन्नड येणाऱ्याकडून तपासून घ्या, आणि दोन्हीकडे एकाच दिवशी पोचवा. संध्याकाळी पाचच्या आत दिलीत तर दुसऱ्या दिवशी स्थानिक पानावर येण्याची आशा असते.